गुलाम नबीचा चेंज

यवतमाळात टांगा हाकणाऱ्या गुलाम नबीला एका मास्तरानं इंग्रजी शिकवलं, आणि तिथंच घात झाला. मास्तर रोज टांग्यानं कॉलेजात जायचे. त्या दिवशी म्हणाले, "आज पायी जातो, फॉर अ चेंज."

"म्हंजे काय जी?"

"अरे, रोज तेच ते केलं की माणूस गंजतो. एखाद दिवशी निराळं काही करावं, त्याला म्हणायचं फॉर अ चेंज."

(त्या चेंजपायी आपलीच सवारी बुडाली, हे गुलामच्या ध्यानात फार उशिरा आलं.)

संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, "जुबैदा, चाल, टांग्यात बस. लोहारा गावाकडे हवा खाऊन येऊ. फॉर अ चेंज!"

लग्न झाल्यापासून जुबैदा नवऱ्याच्या टांग्यात बसली नव्हती. ठेवणीतली ओढणी घेऊन बसली. बिचारीला हौसमौज ती कसली! डॉक्टरनं गुलामचं गोड बंद केलं, तेव्हापासून तिनंही साखर सोडलेली. ईदेचा शीरखुर्मा पाहुण्यांना वाढला, पण स्वतः बोटही चाटलं नाही. म्हणायची, "तुमी मन मारून बसता, मंग माह्या घशाखाली कसा उतरन जी?"

टांगा मजेत निघाला. पण चेंज म्हणजे काय, ते त्याच्या शहजादी घोडीला कोणी शिकवलं नव्हतं. रामलालच्या हॉटेलापुढे शहजादी आपली आपण थांबली.

"काहून थांबली जी?"

"थकली असन." गुलामनं लगाम झटकला, चाबूक हवेत फिरवला. घोडी ढिम्म.

तेवढ्यात रामलाल हसत बाहेर आला. "काय गुलामभाई, आज उशीर? तुमची जिलबी कवाची काढून ठेवली!"

जुबैदानं ओढणी मागं सारली. "तुमची जिलबी?"

"अवं, आज पहिल्यांदाच... फॉर अ चेंज..."

"पहिल्यांदा कशी?" रामलाल माणूस भोळा. "रोज पावशेर नेता ना! वरून पाक पेता तो अलग."

जुबैदाचे डोळे भरले. ते पाहून गुलामला धरणी ठाव देईना.

"चुकलो, जुबैदा. आजपासून बंद. कसम."

तिनं डोळे पुसले आणि रामलालपुढे हात केला. "आना भाऊ, इकडं."

पुडा मांडीवर उघडून ती एकेक जिलबी खाऊ लागली. सावकाश, बोटं चाटत. गुलाम नुसता आवंढे गिळत होता.

"एखादी तरी दे ना मले."

"तुमी रोजच खाता. मी खाऊन राह्यली, फॉर अ चेंज."

शेवटची जिलबी हातात घेऊन ती खाली उतरली, त्याच्यापाशी आली. बायकोच ती, विरघळली असेल, म्हणून गुलामनं डोळे मिटून तोंड उघडलं.

बराच वेळ उघडंच राहिलं. डोळे उघडून पाहतो तर शहजादी मिटक्या मारत होती आणि जुबैदा तिच्या मानेवरून हात फिरवत म्हणत होती, "घरात खरं बोलणारी तू एकटीच निघाली, बाई!"