निळ्या उजेडात खुशालराव

"भिंतीवर नका पाहू काका. भिंतीवर सारेच उजेड चांगले दिसतात," मोईज म्हणाला. "उजेड पारखाचा असन तं माणसाच्या तोंडावर टाकून पाहा."

गावच्या देवळात कीर्तनाचा सप्ताह चालू होता आणि नत्थुजींच्या गळ्यात त्याची वीणा होती. ती सात दिवस खाली टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्याच गळ्यात जायची. त्यामुळे मोईजनं पुढे केलेल्या दोन बॅटऱ्या त्यांना हातात घेता येईनात, नुसत्या डोळ्यांनीच चाखाव्या लागल्या.

मूर्तिजापूरला स्टेशनासमोर मोईजचं बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान. गावाला जागलीसाठी बारा बॅटऱ्या हव्या होत्या. त्या वर्षांत शेतातल्या मोटारींना वीज यायची ती अर्ध्या रात्री, आणि रानडुकरं तर भारनियमनाच्या आधीपासूनच रातपाळीला होती. मोईजनं नमुन्याला दोन बॅटऱ्या आणल्या होत्या. नळी तीच, सेल तोच, आत एलईडीची चिप मात्र वेगळी.

"हे पांढरीनिळी. सेल कमी खाते, रातभर चालते, दोन वावरं पल्याडचं डुक्कर दाखवते. पण उजेडाच्या मधात भोक पडते न भवताल कडं दिसते. आन हे पिवळी. दूर नाई जात, सेल गटकावते. पण रंग खरा दाखवते. लाल ते लाल, हिरवं ते हिरवं."

"डुकराचा रंग पाहून काय करतं लेका?" नत्थुजी म्हणाले. "पण ठरवतीन खुशालराव. कीर्तन होऊ दे."

खुशालराव म्हणजे देवस्थानचे अध्यक्ष. वय ऐंशीच्या घरात. ते खांबाला टेकून, घोंगडी पांघरून, डोळे मिटून बसले होते. सहा दिवस ते असेच बसत होते, आणि लोक म्हणत, म्हातारा झोपते. खरी गोष्ट एकट्या पांडुरंगाला ठाऊक होती. त्यांची नात पौर्णिमा, दोनदा कूस रिकामी झालेली, आज सकाळपासून बाळंतपणासाठी मूर्तिजापूरच्या दवाखान्यात होती. खुशालरावांनी नवस बोलला होता: सातही कीर्तनांत, सुरुवातीपासून आरती होईपर्यंत, बोलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत, बोटसुद्धा हलवायचं नाही. नवस कुणाला सांगायचा नाही, सांगितला की फुटतो. आज सातवी संध्याकाळ होती.

बुवांनी अभंग उचलला आणि वीज गेली. पौषातली अवस, देवळामागे बंद पडलेल्या शकुंतला गाडीचा ओसाड रूळ, बाहेर वाऱ्याचीही चाहूल नाही. गाभाऱ्यात समईचं बोटभर तेज, बाकी सगळा काळोख. मोईजनं पिवळी लावून बुवांवर धरली. बुवांचा फेटा केशरी दिसला, बुक्का काळा दिसला, बायाबापड्यांना भरून आलं. चाळीस मिनिटांत ती बॅटरी मिचमिचली आणि विझली. मोईजनं वहीत नोंद केली व निळी लावली.

बुवा त्या वेळी यमदूतांचं वर्णन करत होते. निळा झोत पडताच त्यांचे डोळे खोबणीत गेले, दात तेवढे उरले. पहिल्या रांगेतली पोरं आयांच्या पदरात शिरली.

"अरे, डोळे फुटले माझे! तिकडे करा तो उजेड!" बुवा ओरडले.

मोईजनं झोत वळवला. तो सरकत सरकत खांबावर गेला आणि खुशालरावांच्या तोंडावर थांबला.

टाळ आपोआप बंद पडले. चेहरा शिळ्या राखेच्या रंगाचा होता. ओठ काळे पडले होते. झोताच्या मधलं भोक नेमकं तोंडावर आलं होतं, जणू कुणी आतून फुंकर मारून दिवा विझवला असावा.

"अवो बाप्पा," नत्थुजींची बायको जमुना पुटपुटली, "हे तं गेले!"

डोमाजी हा गावातला सर्व प्रसंगी पुढे होणारा माणूस. तो वाकला. हात धरला, तो बर्फासारखा. नाकाशी तळवा नेला.

"श्वास हाये काय?" नत्थुजींनी विचारलं. वीणेमुळे त्यांना वाकता येत नव्हतं.

"काय मालूम! थंडीनं माहाच हात सुन्न हाये." डोमाजीनं मग तिघांचे मोबाईल लावून पाहिले. तिन्हींचा उजेड निळाच, तिघांनी एकच साक्ष दिली.

खुशालरावांना सगळं ऐकू येत होतं. आपण मेलो ही बातमी त्यांना पटली नाही. पण ती खोडून काढायलाही बंदी होती. असहायपणे त्यांच्या डोळ्यातून एक थेंब ओघळला.

"रडून राह्यले!" जमुना ओरडली.

"मेल्यावर येतेच पानी," डोमाजीनं अनुभवाच्या आवाजात सांगितलं. "खाष्ट होता म्हातारा, पण मनानं चांगला."

'खाष्ट' हा शब्द खुशालरावांनी मनाच्या कोपऱ्यात नीट ठेवला.

"समई आना जवळ, नीट पाहू," जमुना म्हणाली.

"देवाजवळची समई मुडद्याजवळ नेतं काय?" नत्थुजी.

"आन जिवंत असले तं?"

"मंग न्याची गरजच काय?"

 तिकडे बुवांनी हात जोडून जाहीर केलं, "कीर्तनरंगी देह ठेवला! असं मरण कोणाला मिळतं? आता आरती नाही. देह इथेच राहू द्या. रात्रभर नाम चालेल, आरती पहाटे!"

खुशालरावांनी हिशेब केला. आरती पहाटे, म्हणजे पहाटेपर्यंत मेलेलं राहायचं. तेही जमलं असतं. पण तेवढ्यात डोमाजी म्हणाला, "सुभद्रा वयनीले सांगाले पायजे. दवाखान्यात हाये पोरीजवळ. इथं रेंज नाई, रुळावर जाऊन फोन लावतो." सुभद्रा म्हणजे खुशालरावांची सून, पौर्णिमेची आई.

"अडलेल्या पोरीले कायले सांगतं?" जमुना म्हणाली.

"आजा गेला न लपवाचं? उद्या तेच आपल्याले बोलन." डोमाजीनं मोईजच्या हातातली निळी बॅटरी घेतली आणि चालू लागला. झोत रुळाकडे लांब लांब जात राहिला.

मागे काळोख उरला. खुशालराव दोन्हीकडून अडकले. ओरडावं, तर सातव्या दिवशी नवस फुटतो. गप्प राहावं, तर आज्याची मरणवार्ता त्याच घटकेला पोरीच्या कानावर जाते. पांडुरंगा, मी जीभ नाही हलवत. तू काही हलव.

अंधारात मोईज दोन्ही तळव्यांत काहीतरी चोळत होता.

"काय करून राह्यला बे?" नत्थुजींनी दबक्या आवाजात विचारलं.

"पिवळीचा सेल, काका. मेल्यावानी दिसते, पण निजू देला न ऊब देली का एक घोट जीव धरते. चाचांचं तोंड निळीत पाह्यलं आपन. निळीत तं मीबी मुडदाच दिसतो. रंग नाई पाह्यला."

त्यानं सेल नळीत टाकला आणि कळ दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली. मग वातीएवढा, मधाच्या रंगाचा उजेड उमटला आणि हलकेच चेहऱ्यावर पसरला. त्यात ना भोक होतं ना कडं. मंडप पुढे झुकला. कपाळाची राख गेली होती. ओठ तांबूस होते. कानाच्या पाळ्या विड्यासारख्या रंगल्या होत्या. उजेड थरथरला आणि गेला.

"अवो!" अंधारात जमुनेचा आवाज फुटला. "नाक लाल होतं! मेलेल्या मानसाले सर्दी होते काय?"

"जिवंत!" नत्थुजी ओरडले. "बुवा, मुडदाच नाई तं पहाट कायले? आरती घ्या, आरती!"

बुवांनी पहाटेचा बेत सोडला आणि अशी आरती घेतली की टाळकऱ्यांचे हात मागे पडले. शेवटची घंटा वाजली, निरांजन देवापुढे गेलं, आणि काळोखातून एक घोगरा आवाज आला, "झाली काय आरती?"

"झाली, खुशालराव!"

"मंग कोनी रुळावर धावा! थो डोमाजी..."

पण डोमाजीच दारात उभा राहिला. त्यानं निळा झोत सरळ खांबावर टाकला. राखेच्या रंगाचा, काळ्या ओठांचा मुडदा घोंगडीतून उठून बसला होता. त्याचे डोळे सताड उघडे होते आणि तो डोमाजीकडेच पाहत होता.

"सांगितलं काय तिले?" मुडद्यानं विचारलं.

 डोमाजीच्या हातातून बॅटरी घरंगळली. "नाई जी," तो हात जोडून म्हणाला, "बोलूच नाई देलं वयनीनं. मी हॅलो बोललो, का तेच ओरडली, पोरगी झाली म्हने, दोघीबी खुशाल. मंग फोनच कटला."

खुशालरावांनी घोंगडीत तोंड लपवलं. किती तरी वेळ घोंगडी नुसती हलत होती.  बुवांनी हळूच नाम धरलं.

थोड्या वेळानं नाक पुसत ते म्हणाले, "मोईज, बाराच्या बारा निळ्या बनव. डुकरं तं काय, ते पाहून यमबी वाट बदलन."

"आन पिवळी, चाचा?"

"थे एक देवळात ठेव, ताजा सेल टाकून," खुशालराव म्हणाले आणि त्यांनी डोमाजीकडे पाहिलं. "मले उचलाच्या आंधी पह्यले त्या उजेडात पाहाचं. आन तेवाबी, खाष्ट हा शब्द मी आयकून राह्यलो असन, हे ध्यानात ठेवाचं."