कॉम्प्युटरचा रांजण

"पाहून घेजो, ज्योत्स्ना! ह्या उन्हाळ्यात माह्या कॉम्प्युटरले ताप येनार नाही!"

धर्मेंद्रनं बायकोला हे वाक्य मे महिन्यात, अकोल्यात, पारा सेहेचाळीसवर असताना उच्चारलं. अशा वेळी शहाणा माणूस काही उच्चारतच नाही. तोंड उघडलं की आतली ओल जाते!

बसस्टँडमागच्या गल्लीत त्याचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान. कापसाला भाव नव्हता, सोयाबीन शेतातच वाळलं होतं, पण त्या सालात एक लग्न बिनाशूटिंगचं लागलं असेल तर शपथ! घोडा नसला तरी चालायचं, कॅमेरा लागायचा. घोडं अडायचं ते मिक्सिंगला. सगळे तुकडे जोडून डीव्हीडी काढायला कॉम्प्युटर सलग सहा तास घ्यायचा आणि चौथ्या तासाला तापून आचका द्यायचा. मग पुन्हा शून्यापासून! महादेवरावांच्या पोरीचं लग्न असं चार वेळा लागलं आणि चारही वेळा सप्तपदीत मोडलं.

महादेवराव म्हणजे वरूडचे संत्र्यांचे व्यापारी. त्यांची विहीण सुंदराबाई, राहणार दर्यापूर. तिचं एकच म्हणणं: "मांडवात मले कोनी पान्यालेही इचारलं नाही!" तेवढ्यावरून बाईनं सुनेला माहेरी धाडणं बंद केलं होतं.

"मी सोता गिलास देल्ला होता तिले!" महादेवराव दुकानात येऊन छाती बडवायचे. "तुमच्या कॅमेऱ्यात हाय ते. पन तुकडा दाखवला तं म्हनते, मांगून घुसवला! अख्खं लगन पाह्यजे तिले, पहिल्यापासून. शुक्रवारी पाच वाजता तिले घेऊन येतो. सीडी नाही, तं माही पोरगी नाही, भाऊ!"

धर्मेंद्रनं शेजारच्या अब्दुल रहीमला गाठलं. रहीमभाईचं दुकान कूलर दुरुस्तीचं.

"रहीमभाई, मानसाले कूलर, मंग मशीनले काहून नाही?"

"दिमाग हाय तुमच्यात, धर्मूभाऊ. वापरत नाही, ते अलग!"

रहीमभाईनं जुन्या फ्रिजची तांब्याची नळी वाकवून तिची जिलबी केली, ती तांब्याच्या पत्र्यावर डाग देऊन बसवली आणि पत्रा कॉम्प्युटरच्या मेंदूवर आवळला. नळीतून पाणी फिरणार, मेंदूचा ताप घेऊन जाणार. पण तापलेलं पाणी पुन्हा गार कुठं करायचं? इथं धर्मेंद्रचा स्वतःचा मेंदू चालला. रांजण! बाहेर कडुलिंबाखाली तिपाईवर मोठा रांजण, त्याला ओलं पोतं. रांजणातून नळी खिडकीतून आत, पाणी कॉम्प्युटरमधून खालच्या बादलीत, आणि बादलीतला कूलरचा पंप ते पुन्हा रांजणात फेकणार. पंप मुद्दामच आत ठेवला. कूलरच्या टाकीत हात घालून झटका खाल्लेला नाही असा अकोलेकर अजून जन्मायचा आहे!

नळ यायचा आठ दिवसांतून एकदा. घरातले दोन ड्रम रांजणात गेले.

"अन् आंघोळ?" ज्योत्स्नानं विचारलं.

"शुक्रवारपर्यंत दम धर ना!"

ज्योत्स्नानं त्याच्याकडे जे पाहिलं, त्याला पाहणं म्हणत नाहीत.

शुक्रवारी अकराला विजेची लाइन आली. मिक्सिंग सुरू झालं. एरवी नव्वदीत जाणारा मेंदू पन्नासावर गप्प बसला. पाच टक्के... दहा टक्के... धर्मेंद्रनं पायावर पाय टाकला.

तेवढ्यात बाहेर आवाज आला, "वा रे बाप्पा! थंडगार!"

एक जीपवाला रांजणात तांब्या बुडवून पीत होता. अकोल्यात मे महिन्यात लिंबाखाली ओल्या पोत्याचा रांजण दिसला, तर हे काय आहे असं कुणी विचारतं? पाणपोईच असते!

"भाऊ, ते कॉम्प्युटरचं हाय!"

"कॉम्प्युटरचं भलं होवो!" म्हणत जीपवाल्यानं तांब्या पुन्हा भरला, आणि जाऊन अख्ख्या बसस्टँडला सांगितलं.

एक वाजता हिशेब असा: टक्के तेहतीस, प्यायलेले लोक एकोणपन्नास. पाणी अर्ध्यावर, मेंदू सत्तरीवर. धर्मेंद्रनं खडूनं पाटी लिहिली, 'हे पाणी पिण्याचे नाही.' लावून वळतो तर त्याचे वडील मोतीराम, पोस्टातून रिटायर झालेले, धोतराच्या सोग्यानं ती पुसत होते!

"बाबा, काहून पुसता? मशीन जळंन!"

"मशीनले तहान लागते का रे?" म्हातारा शांतपणे म्हणाला. "आमच्या लहानपनी आमाले इहिरीवर वरून ओंजळीत पानी वाढत. ज्यानं वाढलं त्याचं नाव इसरलो, धर्मा. ज्यानं नाही म्हनलं त्याचं याद हाय. माह्या दारात पान्याले नाही म्हनाचं नाही."

मोतीरामांनी घरून स्टीलचा गिलास आणला, सायकलच्या साखळीनं लिंबाला बांधला आणि खुर्ची टाकून बसले. धर्मेंद्र दिवसभर मागच्या गल्लीतून बादल्या मागून आणत राहिला. तो एक ओतायचा, मोतीराम दीड वाटायचे. दोनच तक्रारी आल्या. एक म्हणाला, पाणी कोमट लागते. दुसऱ्यानं गिलासाला साखळी पाहून विचारलं, "आमी चोर दिसतो का, बावा?"

पावणेपाच. शहाण्णव टक्के. मेंदू अठ्ठ्याऐंशीवर. गल्लीत कुणाकडे थेंब उरला नव्हता, रांजणात नळीचं तोंड बुडेल एवढंच पाणी. आणि जीप येऊन थांबली!

"झाली का सीडी?" महादेवराव उतरले ते थेट कॉम्प्युटरपाशीच धावले. मागे सुंदराबाई. दर्यापूरपासूनची धूळ अंगावर, ओठ वाळलेले. दारात उभी राहिली, रांजणाकडे पाहिलं आणि मान फिरवली. मागेल ती विहीण कसली!

"पाच मिनटं!" महादेवराव हात चोळत म्हणाले. "सत्त्याण्णव झाले, ईहीणबाई! आता दिसते पाहा मी गिलास देल्लेला!"

आणि या घाईत गृहस्थ तिला पाण्याचं विचारायला विसरले!

धर्मेंद्रनं टक्क्यांकडे पाहिलं. अठ्ठ्याण्णव. बाईच्या ओठांकडे पाहिलं. मग बापाकडे. म्हातारा गिलासच पुसत बसला होता! धर्मेंद्रनं साखळी जाईल तितकी ताणली, गिलास भरला.

"आई, पानी घ्या."

बाई एक गिलास प्यायली. दुसरा प्यायली. तिसऱ्याला नळीनं 'गुळुक' केलं. नव्याण्णव टक्क्यांवर पडदा काळा झाला!

महादेवराव मटकन खाली बसले. "गेली माही पोरगी!"

सुंदराबाईनं पदरानं तोंड पुसलं. "कोमट हाय जरासं. पन इचारून देल्लं! असं इचारा लागते, महादेवराव! हा कोन कुठला मानूस, त्याले समजलं!" मग म्हणाली, "सोमवारी येईन तुमची पोरगी. राहू द्या ते सीडी-फिडी."

महादेवरावांचे डोळे भरून आले. त्यांनी धर्मेंद्रला मिठीच मारली. "भाऊ! पुढच्या महिन्यात धाकटीचं लगन हाय. तुमालेच सांगतो!"

धर्मेंद्रची छाती फुगली. ज्योत्स्ना दारात ऐकत उभी आहे, याची त्यानं खात्री करून घेतली. "दोन कॅमेरे लावतो, काका!"

"कॅमेरे नाही गा. शूटिंग वलगावच्या पोराले देल्लं मी. तुमी रांजन घेऊन या. एक नाही, दोन आना."

जीप वळली. खिडकीतून महादेवरावांनी पुन्हा डोकं बाहेर काढलं.

"अन् भाऊ, ती साखळी घरीच ठेवा. पाव्हने हायेत!"