उभ्या पिकाचा नियम

लखनौ शहराला अडवायचं काम चंद्रहास टिपणीसांनी एकट्याच्या अंगावर घेतलं होतं. शहराला याची अजून कल्पना नव्हती.

"चिनहटच्या पुढे आता कुणी एक वीट लावून दाखवावी!" चहात टोस्ट बुडवत त्यांनी जाहीर केलं. टोस्टचा तुकडा तुटून कपाच्या तळाशी गेला. टिपणीसांनी तो अपशकुन मानला नाही. ते सरकारी नगर नियोजक होते; अपशकुन मानायला त्यांना वरून लेखी आदेश लागत असे.

"आपण राहतो ना या इंदिरा नगरात, इथे काही वर्षांपूर्वी गहू होता, गहू! आपलं बाथरूम आहे तिथे!"

"तरीच नळाला पाणी नाही," लतिकाबाई म्हणाल्या. "पावसाची वाट बघत असेल."

ही गोष्ट त्र्याऐंशी सालच्या हिवाळ्यातली. फैजाबाद रोडच्या दोन्ही अंगांनी शहर चिनहट गावाच्या दिशेने उतू गेलेल्या दुधासारखं पसरत होतं आणि त्याखाली उत्तम कसदार शेतं गडप होत होती. याचं टिपणीसांना मनापासून वाईट वाटे. मूळचे साताऱ्याकडचे, शेती कधी केलेली नाही, पण शेतीबद्दलचं प्रेम शेती न केलेल्या माणसाचं असावं तसं, म्हणजे अगदी निर्मळ होतं. शेतजमीन वाचवण्यासाठी मागे तीन वेळा नियम झाले होते, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी कुणाला तरी चहा पाजून गव्हाच्या शेताची 'पडीक जमीन' करून घेतली होती.

यावर टिपणीसांनी जालीम उपाय काढला : उभ्या पिकाचा नियम.

माघात, ऐन रब्बीच्या भरात, पाहणी करणारी माणसं बांधावर जाऊन उभी राहतील. समोर पीक उभं दिसलं की ती शेतजमीन. नकाशात हिरवा रंग. नवं शतक उजाडेपर्यंत तिथे घर नाही. समोर नुसती माती दिसली तर ती मोकळी जागा. पिवळा रंग. बांधा खुशाल.

"कागद खोटं बोलतो, पीक खोटं बोलत नाही!" हे वाक्य टिपणीसांनी वरिष्ठांसमोर म्हटलं होतं, सहकाऱ्यांसमोर म्हटलं होतं आणि एकदा न्हाव्यासमोरही. वरिष्ठ, म्हणजे सक्सेना साहेब, इतके खूश झाले की त्यांनी पानाचा डबा टिपणीसांपुढे केला. "और टिपनिस साहब, कोई रियायत नहीं?"

"सर, मेरे सगे बाप का खेत हो, तो भी नहीं!"

बापाचं शेत नव्हतंच. त्यामुळे वाक्य फुकटात पडलं, असं त्या दिवशी वाटलं होतं.

आता दुसरी बाजू. लखनौच्या मराठी मंडळींनी, म्हणजे संशोधन संस्थांतले शास्त्रज्ञ, विद्यापीठातले प्राध्यापक आणि हवाई दलातून निवृत्त झालेले एक विंग कमांडर, यांनी मिळून 'सह्याद्री गृहनिर्माण संस्था' काढली होती आणि चिनहटजवळ जमीन घेऊन ठेवली होती. चिटणीस : सौ. लतिका टिपणीस. घर हा विषय लतिकाबाईंनी नवऱ्याकडून केव्हाच काढून घेतला होता, कारण टिपणीस आख्ख्या शहराचा आराखडा करत, पण घरात खिळा ठोकायचा म्हटलं की समिती नेमू म्हणत.

आणि घराची निकड होती. सध्याच्या घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. नव्या सुनेला टिपणीसांच्याच खोल्या हव्या होत्या. पावसाळ्याच्या आत जागा सोडायची होती. लतिकाबाईंनी नव्या घराचा आराखडा स्वतः काढून स्वयंपाकघरात टांगलाही होता. ओट्यासमोर पूर्वेची खिडकी. आयुष्यभर, माहेरी लष्करी वसाहतीत आणि सासरी भाड्याच्या घरांत, भिंतीकडे तोंड करून पोळ्या लाटलेल्या बाईची ती खिडकी होती. तिच्याबद्दल चेष्टा चालत नसे.

मोकळी जमीन म्हटली की लखनौत रातोरात तिच्यावर चहाची टपरी, टपरीमागे झोपडी आणि झोपडीमागे एखादी जुनी मजार उगवते. म्हणून संस्थेने शेजारच्या मैकूलालला जमीन बटाईने दिली होती. तो पेरील, राखील, अर्धं पीक संस्थेला देईल. दर हिवाळ्यात मटारची पोती येत. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लतिकाबाईंनी मटारच वाण म्हणून लुटला होता. टिपणीसांनीही महिनाभर मटार-भात, मटार-उसळ, मटार-करंजी असं सगळं चवीने खाल्लं. पण वाटाणा खाताना तो कुठे उभा होता, हे कोण विचारतं?

पाहणी झाली. चिनहटकडचा नकाशा रंगवायचं काम टिपणीसांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. तो घरी आणून, जेवणाच्या टेबलावर पसरून, जिभेचं टोक बाहेर काढून ते रंगवू लागले. नवल एवढंच होतं की त्या भागात पिवळा फार लागत होता. एक पिवळी बाटली संपली, दुसरी उघडली. हिरवा तुकडा मध्येच कुठेतरी एखादा. त्यातला एक मात्र दृष्ट लागावी असा होता! त्यावर टिपणीसांनी प्रेमाने दुसरा हात मारला.

कॉलेजातून आलेली नयना टेबलावर वाकली. तिला मराठी सगळी कळे, पण उत्तर हिंदीतून येई. "पापा, ये कुआँ है? और ये नाला?"

"हो. आणि हे तीन आंबे."

"मम्मी! जल्दी आओ! पापा ने तुम्हारा किचन हरा कर दिया!"

लतिकाबाई लाटण्यासकट आल्या. त्यांनी विहीर पाहिली, नाला पाहिला, तीन आंबे पाहिले. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, ही आपली जमीन आहे."

"काहीतरीच काय!"

"भूमिपूजनाला आला होतात ना तुम्ही?"

आले होते. पण टिपणीसांनी त्या जमिनीचा नकाशा पाहिलेला नव्हता, आणि नकाशाशिवाय त्यांना जमीन ओळखू येत नसे.

"पुसा," लतिकाबाई म्हणाल्या.

"पुसा? अगं, हा शासनाचा रंग आहे!"

"मग शासनाला सांगा, पावसाळ्यात आम्ही कुठे राहू ते."

दुसऱ्या दिवशी त्याच टेबलाभोवती संस्थेची तातडीची सभा भरली. टेबलावर मटार घातलेले पोहे होते. सगळे त्यातले मटार चमच्याने बाजूला सारत होते.

"तुम्ही घरचे असून आमच्यावर नांगर फिरवलात, टिपणीस!" वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. धनंजय रांगणेकर कळवळले.

"नांगर मी नाही फिरवला, नांगर फिरलेला होता! मी फक्त रंग दिला."

"आता उपाय बोला," विंग कमांडर संग्राम घाटगे टेबलावर मूठ आपटून म्हणाले. पोहे दचकले. "आक्षेप घेता येतो की नाही?"

"येतो. रविवारी सक्सेना साहेब स्वतः जागेवर येणार आहेत. तिथे पीक उभं दिसलं नाही, तर..." टिपणीस थांबले. आपण काय बोलतोय हे त्यांना कानांनी ऐकू आलं.

"तर पिवळा!" घाटगे उठून उभे राहिले. "सोपं आहे! पीक उभं आहे? आडवं करा!"

"पण मैकूला सांगावं लागेल," लतिकाबाई म्हणाल्या.

शनिवारी मंडळी मैकूकडे गेली. मैकूलाल बाजेवर ऊन खात बसला होता. त्याची स्वतःची जमीन मागे पसरली होती, आणि तिच्यावर औषधालाही गवत नव्हतं. नुसती तुळतुळीत माती, एका टोकाला विटांचा ढीग, आणि ढिगावर पाटी : 'मैकू विहार'.

"मटर उखाड़ दें?" त्याने कानाला हात लावले. "राम राम! खड़ी फसल उखाड़ना पाप है, बहनजी!"

"और तुम्हारी फसल कहाँ है, मैकूलाल?" टिपणीसांनी विचारलं.

"हमने तो बोया ही नहीं, बाबूजी." मैकू गुपित सांगावं तसा पुढे वाकला. "कोई साहब नियम लाए हैं, जहाँ फसल वहाँ मकान नहीं. वो भी सन दो हज़ार तक! तो हमारे गाँव में अबकी किसी ने नहीं बोया. हमने सोचा, हाथ खाली काहे रहें? सारी मेहनत आप लोगों की ज़मीन पर कर दी!" मग जरा थांबून त्याने विचारलं, "बड़ा अकलमंद साहब है. आप जानते हैं उनको?"

"ओळख आहे," टिपणीस मराठीत पुटपुटले.

त्यांनी मान वर करून पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतकऱ्यांची शेतं न्हाव्याने नुकत्याच फिरवलेल्या डोक्यासारखी चकचकत होती. क्षितिजापर्यंत हिरवळ म्हणाल तर फक्त शास्त्रज्ञांची, प्राध्यापकांची आणि एका विंग कमांडरची! पिवळ्या बाटल्या का संपल्या, ते आत्ता कळलं. शेती वाचवायला काढलेल्या नियमाने आख्ख्या गावाची शेती एका हंगामात बंद पाडली होती.

"तुम्हाला पाप लागत नसेल तर उपटा बुवा," असं मैकू हिंदीतून म्हणाला आणि हुक्का पेटवायला आत गेला.

रविवारी सकाळी धुक्यातच सह्याद्री संस्था शेतात उतरली. कानटोप्या, मफलर, शाली. घाटग्यांनी तुकड्या पाडल्या : "प्राध्यापक डावीकडून, शास्त्रज्ञ उजवीकडून, महिला मध्यभागी! वेलासकट ओढायचं!"

पण मध्यभाग हलेना. बायकांना कोवळ्या शेंगा टाकवेनात. त्या वेल उपटत, शेंगा तोडत, पदरात भरत आणि अध्येमध्ये तोंडात टाकत. डॉ. रांगणेकर प्रत्येक वेलाची मुळं निरखून "वा, काय गाठी आहेत!" म्हणत थांबत. आणि टिपणीस? नियोजक म्हणून त्यांनी सगळ्यांना मनाई केली होती. नवरा म्हणून ते पोत्याचं तोंड धरून उभे होते.

"अहो, नीट धरा! शेंगा सांडतायत!"

"मी इथे नाहीच आहे, लतिका. मी अधिकृतपणे घरी आहे."

इतक्यात धुक्यातून जीपचा हॉर्न वाजला. सक्सेना साहेबांना दुपारी लग्नाला जायचं होतं, म्हणून ते सकाळीच आले होते! आख्खी संस्था होती त्या जागी थिजली. शेत अजून अर्ध्याहून जास्त उभं होतं.

"टिपनिस साहब? आप? इतवार को? खेत में?"

"सर, वो... मैं..."

"और ये सब लोग कौन हैं?"

घाटग्यांनी सवयीने सॅल्यूट ठोकला. हातातल्या वेलाची माती साहेबांच्या कोटावर उडाली. "विंग कमांडर घाटगे, सर! ये डॉक्टर रांगणेकर हैं, वो प्रोफेसर लोग हैं! ज़मीन हमारी है, सर!"

"और आप लोग... खुद...?" साहेबांची नजर मफलरांवरून, चिखल लागलेल्या चष्म्यांवरून, शेंगांनी फुगलेल्या पदरांवरून फिरली. "पर ये पौधे उखाड़ क्यों रहे हैं?"

सगळे डॉ. रांगणेकरांकडे पाहू लागले. शास्त्र त्यांच्याकडे होतं.

"विरळणी!" ते ओरडले. मग सावरून म्हणाले, "मतलब, सर, घना हो गया था. थोड़ा निकाल देते हैं तो बाकी अच्छा बढ़ता है."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "चारों तरफ़ देखिए! किसान ने खेती छोड़ दी. और ये पढ़े-लिखे लोग, इस ठंड में, अपने हाथों से मिट्टी..." मग ते टिपणीसांकडे वळले. "टिपनिस साहब, एक अर्ज़ी आई थी कि यहाँ खेती होती ही नहीं. आप नियोजक हैं. आप बताइए. ये खेत है या नहीं?"

लतिकाबाई बघत होत्या. नुसत्या पूर्वेकडे तोंड करून उभ्या होत्या, जिथे ती खिडकी यायची होती.

'नाही' म्हणायला टिपणीसांनी तोंड उघडलं, अगदी नक्की उघडलं. तेवढ्यात हातातलं पोतं सुटलं आणि हिरव्यागार शेंगांचा ढीग साहेबांच्या बुटांवर ओतला गेला.

"है तो... खेत ही, सर," टिपणीस म्हणाले.

साहेबांनी त्यांना तिथल्या तिथे मिठी मारली. संस्थेच्या जमिनीवर टिपणीसांना तिसरा हिरवा हात मारावा लागला, आणि भोवती दुहेरी रेघही.

घरी परतताना रिक्षात लतिकाबाई पदरातल्या शेंगा सोलत होत्या. मग म्हणाल्या, "खरं बोललात, त्याचा राग नाही. पण खरं बोलायचंच होतं, तर मला थंडीत मटार उपटायला कशाला लावलात?"

याचं उत्तर टिपणीसांना समिती नेमूनही मिळालं नसतं.

पावसाळ्याच्या तोंडावर इंदिरा नगरातलं घर सोडावं लागलं. शोधाशोध झाली, मिळालं ते चिनहटजवळ, नव्या वसाहतीत, पहिल्या मजल्यावर. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी होती! बाहेर एक विहीर, एक नाला, तीन आंबे आणि मटारासाठी नांगरून ठेवलेली, सह्याद्री गृहनिर्माण संस्थेची जमीन. लतिकाबाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"किराया ज़रा ज़्यादा है, बाबूजी," नवे घरमालक मैकूलालजी किल्ली पुढे करत म्हणाले. आता ते पांढरा सफारी घालत. "पर नज़ारा देखिए! सामने खेत ही खेत! और वहाँ कोई मकान बनाएगा, इसकी चिंता छोड़ दीजिए. सरकारी गारंटी है!"

"हो," टिपणीस किल्ली घेत म्हणाले, "सही माझीच आहे."