साळिंदराचं हवाई दल

एका जंगलात, मुलांनो, एक साळिंदर राहत असे. कुठल्या जंगलात ते विचारू नका. ते नकाशात सापडलं असतं तर एव्हाना तिथे रिसॉर्ट झालं असतं.

साळिंदराचं नाव विसूभाऊ. बायकोचं नाव इंदूताई. दोघांची एका मोठ्या खडकाखाली ऐसपैस गुहा होती. कंदमुळं हाताशी होती. पाठीवर हातभर लांब काटे होते, त्यामुळे वाकड्या नजरेने बघायची कुणाची टाप नव्हती. थोडक्यात, सगळं सुखात चाललं होतं. सुखात असलेल्या प्राण्याला काहीतरी लागतंच. विसूभाऊंना विमानांचा छंद लागला.

खरी विमानं नव्हेत. खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढी. खोक्यात प्लास्टिकचे सुटे भाग येतात, ते गोंदाने जोडायचे, रंगवायचे आणि मांडून ठेवायचे. त्यातही प्रवासी विमान त्यांना चालत नसे. त्यात बघायचं काय, म्हणत, नुसत्या खिडक्या. त्यांना लढाऊ विमानंच लागत. तोफा हव्यात, पंखाखाली बॉम्ब हवेत, शेपटीवर नंबर हवा.

स्वतः विसूभाऊ इतके गरीब होते, की मुंग्यांची रांग आडवी आली तर ती संपेपर्यंत थांबत. जमिनीपासून वीतभर उंच दगडावर चढले तरी त्यांना गरगरे. पण कुठलं बॉम्बफेकी विमान किती बॉम्ब नेतं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलंत तरी ते सांगत. न उठवता, न विचारताही सांगत.

खोकी गावातला एक कावळा आणून देई. तो ती कुठून आणतो हे विसूभाऊंनी कधी विचारलं नाही. छंदवाले असे प्रश्न विचारत नाहीत. बदल्यात कावळा काटे मागे, कारण कावळिणीला घरट्याभोवती कुंपण हवं होतं. लहान विमानाला मूठभर काटे, दोन इंजिनांचं असलं तर ओंजळभर. शिवाय रंग लावायला काटा, बारीक रेघा ओढायला काटा, चाकांचे दांडे करायला काटा. काटे काय, परत येतात, असं विसूभाऊ म्हणत. ते खरंही होतं. पण काटे आपल्या चालीने येत आणि कावळा दर आठवड्याला येई.

सहलीला आलेल्या कुणीतरी मासे ठेवायची एक काचेची पेटी ओढ्याकाठी टाकून दिली होती. ती विसूभाऊंनी ढकलत ढकलत घरी आणली आणि तिचं शोकेस केलं. ते भरलं. मग भिंतीतल्या कपारी भरल्या. मग कंदमुळं ठेवायची जागा भरली आणि कंदमुळं बाहेर गेली, ती रानडुकरांनी खाल्ली.

इंदूताईंचे हाल तर विचारूच नका. झाडायचं नाही, धूळ उडते. झोपेत कूस बदलायची नाही, खाली नॅट विमान आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, रागवायचं नाही. साळिंदरीण रागावली की काटे फुलवून खळखळ वाजवते, ती तिची रीतच असते. पण मागच्या खेपेस इंदूताईंनी काटे फुलवले तेव्हा एका मिगचं शेपूट उडालं होतं. तेव्हापासून त्या बाहेर जाऊन, करवंदीच्या जाळीशी रागावून परत येत.

एकदा मात्र त्या घरातच बोलल्या.

"अहो, जरा पाठीकडे बघा. घुशीसारखे दिसायला लागलात. उद्या कुणी आलं तर काय करणार?"

"एवढं हवाई दल आहे घरात," विसूभाऊ म्हणाले.

"ते उडत नाही."

विसूभाऊंच्या हातातला काटा थांबला. त्यांना फार लागलं ते. "उडवायला ती खेळणी आहेत का?" एवढंच ते म्हणाले आणि दिवसभर जेवले नाहीत.

आता, मुलांनो, त्याच जंगलात एक बिबट्या होता. पूर्वी एकदा तो विसूभाऊंच्या वाटेला गेला होता आणि महिनाभर एका पायाने लंगडत होता. तेव्हापासून साळिंदर दिसलं की तो दुसरीकडे बघे. एके दुपारी तो झाडावर पहुडला असताना त्याची नजर कावळ्याच्या घरट्यावर गेली. घरट्याला दुहेरी कुंपण होतं. वर काट्यांचीच कमान होती, आणि कावळीण उरलेल्या काट्यांची माडी बांधायच्या बेतात होती. बिबट्या काही फार शिकलेला नव्हता. पण एवढे काटे इथे असतील तर तिथे किती उरले असतील, हे गणित त्याला सुटलं. तो झाडावरून उतरला आणि थेट गुहेच्या तोंडाशी गेला.

इथे तुम्हाला त्या जंगलाची एक रीत सांगायला हवी. ज्याला खायचं त्याला शेवटचं बोलू द्यायचं, आणि त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत दात लावायचा नाही. ही रीत मोडणाऱ्याला पाणवठ्यावर कुणी उभं करत नसे. रीत जुनी होती आणि आजवर तिचा कुणालाच त्रास झाला नव्हता. ससे म्हणत, आई गं. हरणं तेवढंही म्हणत नसत.

"विसूभाऊ," बिबट्या म्हणाला, "शेवटचं काय बोलायचं ते बोलून घ्या."

विसूभाऊ एका विमानाचं नाक रंगवत होते. त्यांनी वर बघितलं. दात दिसले. पण तेवढ्यात बिबट्याची नजर सहज म्हणून शोकेसकडे वळली, आणि विसूभाऊ मरण विसरले. दोन वर्षांत त्या शोकेसकडे आपणहून कुणी बघितलं नव्हतं.

"पाय पुसून या," ते म्हणाले. "आणि शेपटी तेवढी उचलून घ्या."

बिबट्या पाय पुसून आत आला. बसायला जागा एकच होती, दोन बॉम्बफेकींच्या मधली. तो तिथे अंग चोरून बसला आणि शेपटी त्याने स्वतःच्या पंजाखाली दाबून धरली. मग विसूभाऊंनी सुरुवात केली. हे पहिलं, दोनपंखी, याचे पंख ताणायला दोरा वापरलाय, तो कोळ्याकडून आणला. हे दुसरं, पहिल्यासारखंच दिसतं, पण नाही, नीट बघा, चाक बघा. तिसऱ्याला काही झालं नव्हतं तरी त्याची एक हकिकत होती. चौथ्याला हात लावू नका. पाचव्यालाही लावू नका.

सातव्या विमानाला बिबट्याने जांभई दिली. त्या वाऱ्याने टेहळणी विमान हललं. विसूभाऊंनी त्याला तोंड मिटून जांभई द्यायला सांगितलं, आणि त्याने तशी दिली.

इंदूताई आतल्या बाजूला जाग्या झाल्या होत्या. त्यांच्या पाठीवर काटे शाबूत होते, पण मध्ये नवरा होता आणि नवऱ्याच्या पाठीवर काही नव्हतं. त्या विमानं मोजू लागल्या. तिसावं झालं. पस्तिसावं झालं. ऊन कलून गुहेच्या तोंडाशी आलं. एक्केचाळिसावं, शेवटचं विमान झालं आणि विसूभाऊंच्या घशाला कोरड पडली. ते थांबले.

बिबट्याने डोळे उघडले. "झालं?" त्याने विचारलं आणि तो उठून उभा राहिला.

"अहो," इंदूताई म्हणाल्या. "या दोन विमानांचा हिरवा वेगवेगळा का दिसतो?"

विसूभाऊंनी वळून बायकोकडे बघितलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने विमानाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता. त्यांचे डोळे भरून आले.

"तुला दिसला फरक?" ते म्हणाले.

आणि मग ते हिरव्या रंगाबद्दल बोलू लागले. हिरवे चौदा असतात. जंगलावरून उडायचा हिरवा वेगळा, शेतावरून उडायचा वेगळा. उन्हात विटलेला हिरवा करायचा तर आधी नवा हिरवा लावून तो विटवावा लागतो. पाचव्या हिरव्याला बिबट्या भिंतीला टेकला. सहाव्याला त्याने इंदूताईंना हळूच विचारलं, की हे साधारण किती वेळ चालेल.

"रंगाचं झालं की गोंदाचं आहे," इंदूताई म्हणाल्या.

बिबट्याने आयुष्यात बऱ्याच उपाशी दुपारी काढल्या होत्या. अशी काढली नव्हती. तो मागच्या मागे निघाला, शेपटी तोंडात धरून, एकेक पाऊल जपून टाकत. बाहेर पडल्यावर मात्र तो जो पळाला तो ओढा, टेकडी आणि पलीकडचं जंगल ओलांडूनच थांबला. अजूनही ढगांतून विमान गेलं की तो डोळे मिटून पडून राहतो म्हणतात.

"घाईत होते बिचारे," विसूभाऊ म्हणाले. "पण जाण होती हो त्यांना."

इंदूताई मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या. नवरा जिवंत होता, म्हणून रडत होत्या. हा वेडा आपल्याला हवा आहे, हे त्यांना त्या दुपारी फार जोरात कळलं होतं. विसूभाऊ त्यांच्याजवळ येऊन बसले. बायको का रडते आहे हे त्यांना लगेच समजलं. गोंदाचं ऐकायचं राहून गेलं होतं.

"रडू नकोस," ते प्रेमाने म्हणाले. "तुला सांगतो ना सगळं. तर गोंद तीन प्रकारचे."

तात्पर्य: स्वसंरक्षणासाठी पाठीवर काटे लागत नाहीत, एक छंद आणि तो समजावून सांगण्याची हौस एवढं पुरतं. शत्रू असेल तर तो उठून जाऊ शकतो. घरच्यांना ती सोय नाही.