सात वाजताची करुणा

संध्याकाळी सात वाजता लागणारी मालिका शनिवारी बंद होणार, ही बातमी शेजारच्या प्रगतीनं मंगळवारी दुपारी मोबाइलवर वाचली. वाचली ती सहज, मेथी निवडता निवडता. शंकररावांनी मात्र ती तिच्याकडून तीनदा वाचून घेतली.

"बंद म्हंजी कायमची?"

"कायमचीच की आप्पा. टीआरपी पडलाय म्हणं. त्या जागी नवी येतीय, भुताची."

"टीआरपी म्हंजी काय गं?"

"किती घरात बघत्यात ते."

शंकरराव दौंडला रेल्वेत गाड्यांचे रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. निवृत्तीनंतर ते केडगावात घर बांधून राहिले आणि दोन वर्षांपूर्वी चांगुणाबाईंना अर्धांगाचा झटका आला. हातपाय बरेच सुधारले, पण डोक्यातली माणसं एकेक करून पुसली गेली. मुलगा महेंद्र शिक्रापूरच्या कंपनीतून रविवारी आला, की त्या त्याला गॅसवाला समजून म्हणत, "टाकी हलवून बघ रं." मालिकेतल्या धनश्री नावाच्या नर्सला मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. "अवं, आपली करुणा कामावर निघाली बघा."

शंकररावांची मुलगी करुणा नर्सच होती, शिरूरच्या एका दवाखान्यात. पाच वर्षांपूर्वी तिनं आपल्या पसंतीनं लग्न केलं, तेव्हा शंकररावांनी तिला बजावलं होतं, या घराची पायरी पुन्हा चढू नकोस. ती चढली नव्हती. बापाचं तेवढं एकच म्हणणं तिनं ऐकलं होतं.

सुरुवातीला शंकररावांनी बायकोला समजावलं, ही करुणा नव्हं. तसं म्हटलं की चांगुणाबाई तोंड मिटून घेत आणि दोन दोन दिवस जेवत नसत. मग तेच म्हणायला लागले, "व्हय, निघाली बघ करुणा. खा आता." त्या जेवत ते फक्त मालिका चालू असताना; सातची मालिका हेच त्या घरातलं एकमेव जेवण होतं. ती बंद पडली तर पुढं काय, हे शंकररावांना सुचेना. बघणारी घरं वाढली तर ती टिकेल, म्हणून पायात चपला सरकवून ते गल्लीत निघाले.

पहिलं घर साळूबाईंचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"माझी त्याच वेळंला दुसरी लागती, आप्पा. त्यातली सून आत्ता कुठं जेलातनं सुटलीय."

"चार दिवसांचं काम हाय. सून कुठं जात न्हाई."

"जेलातनं सुटलेल्या माणसाचा काय भरवसा," साळूबाई म्हणाल्या. पण चांगुणाबाईंच्या जेवणाचं कळल्यावर त्या विरघळल्या. सुनेला त्यांनी चार दिवस वाऱ्यावर सोडलं.

दोन दिवसांत शंकररावांनी सव्वीस घरं केली. स्टेशनजवळच्या हॉटेलवाल्या सुमितनं चालू असलेली क्रिकेटची मॅच बंद करून धनश्रीला लावलं. गिऱ्हाइकं कुरकुरली. "का पण?" असं एकानं विचारलं. शंकररावांना सगळं पहिल्यापासून सांगायची लाज वाटली. ते एवढंच म्हणाले, "आमची मंडळी म्हणत्यात, तिच्यात आपली करुणा हाय."

सुमितनं त्यातलं निम्मंच ऐकलं. त्यात आपली करुणा हाय. पाच वर्षांपूर्वी घरातून गेलेली पोरगी कुठं गेली असेल, याचं उत्तर अख्ख्या केडगावला त्या एका वाक्यात मिळालं.

शुक्रवारी सकाळी महेंद्रचा फोन आला. "आप्पा, सुपरवायझर आज मला बसायला खुर्ची देतोय. माझी बहीण हिरोईन हाय म्हणं. हे काय चालवलंय तुम्ही?"

शंकररावांनी टीआरपीचं सांगितलं. मग महेंद्र हळू आवाजात म्हणाला, "ते मोजायचं मीटर ठरावीक घरातच असतंय, आप्पा. आपल्या गल्लीत एकबी नसंल."

शंकररावांचे गुडघे दोन दिवस ठणकत होतेच. आता ते जास्त ठणकायला लागले. लोकांना खरं काय ते सांगून टाकावं म्हणून ते चौकात गेले, तर तिथं फ्लेक्स लागला होता. 'केडगावची कन्या करुणा हिचे हार्दिक अभिनंदन.' वर त्या नटीचा हसरा फोटो आणि खाली हात जोडलेले शंकरराव, निरोपसमारंभातल्या फोटोतून कापून काढलेले. तरुण मंडळाचा कार्यकर्ता सम्राट शिडीवरून उतरत म्हणाला, "उद्या शेवटचा भाग विहारापुढं मोठ्या पडद्यावर लावतोय, आप्पा."

"सम्राट, ती माझी मुलगी न्हाई."

"कळतंय की. टीव्हीवर नाव बदलावंच लागतंय."

पाच वर्षं शंकरराव हेच सांगत आले होते, ती माझी मुलगी न्हाई, आणि गावानं मुकाट्यानं मानलं होतं. आज पहिल्यांदा ते खरं बोलत होते, तर कोणी विश्वास ठेवेना.

शनिवारी विहारापुढं दोनेकशे माणसं जमली. चांगुणाबाईंना पुढं खुर्ची दिली होती. शंकरराव भाकरी कुस्करलेली ताटली घेऊन शेजारी बसले. सातला पाच कमी असताना चौफुल्याहून आलेली एक रिक्षा थांबली आणि पांढऱ्या गणवेशातली एक बाई उतरली. डोळ्यांखाली काळं, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइल. त्यात त्याच फ्लेक्सचा फोटो.

"आप्पा, हे काय छापलंय? माझ्या नावावर दुसरीचा फोटो?" करुणा भांडायचं ठरवूनच आली होती. मग तिची नजर आईकडं गेली. झटका आल्याचं महेंद्रनं तिला कळवलं होतं, पुढचं सांगितलं नव्हतं. आईनं तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा पडद्याकडं मान वळवली.

सम्राट माइक घेऊन आला. "आप्पा, ह्या कोण?"

शंकररावांनी ताटली खाली ठेवली. "ही माझी करुणा."

लोकांनी एकदा फ्लेक्सकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. "मेकप नसला की असंच दिसतंय," साळूबाई समजुतीनं म्हणाल्या, आणि टाळ्या पडल्या.

शेवटचा भाग घाईत उरकला. वीस मिनिटांत दुष्ट दिरानं माफी मागितली, हरवलेला भाऊ सापडला आणि धनश्री विमानात बसून परदेशी गेली. लगेच साबणाची जाहिरात लागली. माणसं सतरंज्या झटकून घरोघर पांगली.

"करुणा कुठं गेली?" चांगुणाबाईंनी विचारलं. ताटलीत निम्मी भाकरी तशीच होती आणि त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

करुणानं बापाच्या हातून ताटली घेतली आणि आईसमोर जमिनीवर बसली. चांगुणाबाई तिच्या पांढऱ्या गणवेशाकडं बराच वेळ बघत राहिल्या.

"तुम्ही तिच्यासंगं कामाला हायसा का?"

करुणानं बापाकडं पाहिलं. शंकरराव जमिनीकडं बघत होते.

"व्हय," ती म्हणाली. "एकाच दवाखान्यात."

चांगुणाबाईंनी तोंड उघडलं. करुणानं घास भरवला. तो गिळून त्या पुढं वाकल्या आणि आवाज बारीक केला, पण शंकररावांना ऐकू गेलंच.

"तिला एक सांगाल का, बाई? म्हणावं, तुझा बाप रोज सात वाजता तुझी वाट बघत बसतोय. सवताहून बोलायचा न्हाई तो. तूच ये."

"सांगते," करुणा म्हणाली, आणि खाली मान घालून पुढचा घास कालवू लागली.

शंकरराव पाणी आणतो म्हणून उठले. भरलेला तांब्या खुर्चीपाशीच होता.