ऋतू तेवढा बाबा ठरवेल

"बघतो," एवढंच मी म्हणालो आणि तिथेच फसलो.

आमच्या ठकीने (मुलीला चांगलं खरं नाव आहे, पण घरात ते कुणी वापरत नाही) लग्न डोंगरावर करायचं ठरवलं होतं. नवरा तिने निवडला, डोंगर दोघांनी मिळून निवडला, वर पठारावर एक जुनं विश्रामगृह आहे तेही दोघं बघून आली. मग जेवताना ती आईला म्हणाली, "ऋतू तेवढा बाबा ठरवेल. तो हवामान खात्यात आहे."

मी हवामान खात्यात आहे हे खरं. पण मी आहे आस्थापना शाखेत. वाऱ्याचा वेग मोजणारी माणसं वरच्या मजल्यावर बसतात, आणि मी खाली बसून त्यांचे रजेचे अर्ज पुढे सरकवतो. हवामानाशी माझा संबंध छत्री विसरण्यापुरता. पण हे मी घरात कधी बोललो नव्हतो. सकाळी खिडकीतून बघून मी "आज पडेल" म्हणायचो, आणि ठकी शाळेत छाती फुगवून सांगायची की आज माझा बाबा पाऊस पाडणार आहे. एवढा मान मला ऑफिसात कुणी दिला नाही. तो मी असा सहज सोडणार नव्हतो.

कामाला लागलो. उन्हाळा मी पहिल्याच दिवशी बाद केला, कारण वर पाण्याची बोंब, पाहुण्यांनी तोंड कशाने धुवायचं? पावसाळ्यात दरडी कोसळतात. वऱ्हाड खाली आणि नवरा वर अशी गत झाली तर लग्न फोनवर लावायचं का? झाडं फुलतात तेव्हा म्हणाल, तर मधमाश्या. विहीणबाईंना एखादी चावली की जन्माचं वाकडं. आणि हिवाळ्यात मुख्य अडचण नवरदेवाचीच होती. आमचे होणारे जावई दातांचे डॉक्टर, अंगाने काडी, आणि थंडी इतकी बाधते की कुणी पंखा लावला तरी स्वेटर शोधतात. भर लग्नात दातांच्या डॉक्टरचेच दात वाजायला लागले, तर उद्या त्यांच्यासमोर तोंड कोण उघडणार?

मुलं बिचारी ऐकून घेत होती. मला वाटलं, आपला अभ्यास त्यांना पटतोय. (त्यांना माझी कीव येत होती, हे पुढे कळलं.)

शेवटी एकदा मी जिना चढून वरच्या मजल्यावर गेलो आणि खऱ्या शास्त्रज्ञ साहेबांना विचारलं की डोंगरावर लग्न करायला कुठला ऋतू चांगला. त्यांनी विचारलं, लग्न कुणाचं? मी म्हटलं, मुलीचं. ते म्हणाले की मुलीच्या लग्नाला चांगला ऋतू त्यांना तरी सापडला नाही, त्यांची गेल्या वर्षी सासरी गेली. मी खाली आलो आणि त्यांचा रजेचा अर्ज तेवढा लगेच पुढे सरकवला.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला साहेबांचं मत सांगितलं. शास्त्रीय मत म्हणून.

"तुम्हाला ऋतू पसंत नाही, की लग्न?" तिने विचारलं.

"मुलगा चांगलाच आहे."

"मग?"

"मग काही नाही."

काही नाही कसं? लग्नानंतर ठकी दूरच्या शहरात जाणार होती. तिथे तिला नोकरी मिळाली होती आणि डॉक्टर तिथेच दवाखाना थाटणार होते. संध्याकाळी आमच्या दाराच्या कुलपात किल्ली फिरते, त्या आवाजावरून ती दमलीय की खुशीत आहे हे मी वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगू शकतो. सगळ्या हवामान खात्यात तेवढा एकच अंदाज मला जमतो. तो आवाज आता दुसऱ्याच दाराला येणार होता, आणि मी आपला ऋतूंच्या आड लपून बसलो होतो.

मग ठकीच्या नव्या ऑफिसने रुजू व्हायची तारीख कळवली. ती म्हणाली, "बाबा, आता सांग. नाहीतर इथेच कचेरीत सह्या करून मोकळे होतो."

मी धुक्याचे दिवस सांगितले. पाऊस संपलेला, थंडी अजून यायची, आणि डोंगर दिवसभर धुक्यात. गर्दी नसते, हवा स्वच्छ असते, असं काहीबाही बोललो. खरं कारण एवढंच की धुक्यात माझं तोंड कुणाला दिसलं नसतं.

अंदाज भलताच बरोबर आला. पाहुण्यांनी एकमेकांना चाचपडत ओळखलं. माझ्या मेव्हण्याने एका खांबाला वाकून नमस्कार केला. फोटोग्राफर रडकुंडीला आला. एका फोटोत फक्त एक हात आहे आणि तो माझा असल्याचं बायको सांगते. पण लग्न लागलं, आणि बघता बघता निघायची वेळ झाली.

गाड्यांपाशी मला ठकीची लाल शाल दिसली. मी धावत जाऊन तिला मिठी मारली आणि आतापर्यंत दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. म्हटलं, सगळे ऋतू चांगले होते गं, मीच खोटं बोललो. म्हटलं, मी नुसता अर्ज सरकवतो, पाऊस मी कधीच पाडला नाही. आणि मग, "जाऊ नकोस. चार दिवस तरी राहा. घर खायला उठेल मला."

शालीच्या आतून दात वाजल्याचा आवाज आला.

"बाबा," डॉक्टर हळूच म्हणाले, "ती गाडीत बसलीय. मी कुडकुडत होतो म्हणून तिने शाल मला दिली."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण डॉक्टरांनी मिठी सोडली नाही. त्यांचेही डोळे भरून आले होते. इतक्या जिवापाड त्यांना आजवर कुणी थांबवलं नव्हतं म्हणे, घरच्यांनीसुद्धा नाही. तिकडच्या दवाखान्याचं रंगकाम अजून चालूच होतं. दोघं नवराबायको गाडीपाशी काहीतरी कुजबुजली, आणि असं ठरलं की रंगकाम होईपर्यंत बाबांच्या सोबतीला डॉक्टरांनी आमच्याकडे राहावं.

तेव्हा सध्या आमच्याकडे परिस्थिती अशी आहे की मुलगी गेली आणि जावई राहिला. तो ठकीच्या खोलीत झोपतो आणि घरातल्या सगळ्या खिडक्या बंद करतो. माझी एक दाढ त्याने तपासली, आता दुसरीवर डोळा ठेवून आहे. पोरगा गुणी आहे, त्याच्याबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. संध्याकाळी मात्र आम्ही दोघं दाराकडे बघत बसतो आणि एकमेकांना ते कळू देत नाही.

काल ठकीचा फोन आला. आधी तो बोलला. मग त्याने आपण होऊन फोन माझ्या हातात दिला आणि शहाण्यासारखा आतल्या खोलीत निघून गेला. कशी आहेस, एवढंच मी विचारलं. पलीकडे तिचा आवाज कापत होता.

"बाबा, मला अजिबात करमत नाही रे इथे."

मी डोळे पुसले. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

"त्याला लवकर पाठव ना."