तांबे सरांची शिफारस

शिरूरच्या एसटी स्टँडवर तांबे सरांना कुणी विचारलं, "ही गाडी दौंडला जाती का हो?" तर सर आधी गाडीकडे बघायचे, मग पाटीकडे, आणि म्हणायचे, "पाटी तशी आहे."

विचारणारा वैतागून पुन्हा विचारायचा, "आवो, पण जाती का?"

"अजून निघालेली नाही. गेल्याशिवाय कसं सांगू?"

तोवर गाडी निघून गेलेली असायची, आणि ती दौंडलाच गेलेली असायची.

सर आम्हाला बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवायचे. माझं घर दौंडच्या रेल्वे कॉलनीत. वडील, म्हणजे आमचे आप्पा, रेल्वेत फिटर. पण मामा शिरूरला होता म्हणून मी त्याच्याकडे राहून तिथल्या कॉलेजात शिकले आणि तांबे सरांच्या तावडीत सापडले. आपण स्वतः जे पाहिलं नाही ते बोलायचं नाही, असं या माणसानं कधीतरी ठरवून टाकलं होतं. लग्नात कुणी विचारलं, "काय सर, जेवण कसं काय?" तर सर म्हणणार, "जिलबी चांगली होती. मसालेभात मी घेतला नाही." आजारी माणसाला भेटायला गेले तर बाकीचे म्हणायचे, लवकर बरे व्हाल. सर म्हणायचे, "काल ताप होता म्हणे. आज हात लावून बघतो," आणि खरंच हात लावून बघायचे.

प्राचार्य निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात प्रत्येकानं त्यांना वटवृक्षापासून दीपस्तंभापर्यंत काय काय म्हटलं. सर उठले. म्हणाले, "सरांच्या केबिनमध्ये मी फारसा गेलो नाही, त्यामुळं तिथलं सांगता येणार नाही. लॅबवर त्यांनी पाण्याची टाकी बसवून दिली. ती मी पाहिलेली आहे. तिला गळती नाही." आणि बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना.

शिफारसपत्र मागायला याहून वाईट माणूस तालुक्यात शोधून सापडला नसता. आणि मला नेमकं त्यांचंच पत्र हवं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्याहून एम.एस्सी. करून मी घरी आले होते आणि अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पीएच.डी.साठी अर्ज भरत होते. विषय होता विहिरींच्या पाण्यातले क्षार. खुटबावला माझी आत्या राहायची. तिच्या विहिरीच्या पाण्यात डाळ म्हणून शिजत नसे, आणि नव्या पातेल्याला महिन्याभरात आतून पांढरा थर धरायचा. त्या पाण्याचा एक छोटा अभ्यास मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी तांबे सरांच्या हाताखाली केला होता. अर्जाला तीन प्राध्यापकांच्या शिफारशी लागत होत्या, आणि मला पाण्यावर काम करताना पाहिलेला माणूस एकटाच होता.

पुण्याच्या दोघांचं काम चुटकीसरशी झालं. एक म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." मग मी स्वतःविषयी असं काही लिहिलं, की टाइप करणाऱ्या बाईंनी चष्मा काढून एकदा मला नीट बघून घेतलं. दुसऱ्यांकडे पत्र तयारच होतं. फक्त नाव बदललं; त्यात एका ठिकाणी मी पुरुषच राहिले, पण म्हटलं चालतंय.

घरी आप्पांनी बोलून ठेवलं होतं, "उन्हाळ्यापोतर काय ते बघ. मंग मला आक्काला थांबवता यायचं न्हाई." आक्का म्हणजे खुटबावची आत्या. तिनं यवतचं एक स्थळ आणलं होतं आणि ते ती धरून बसली होती. अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला अमेरिकेत पोचायला हवा होता. ऑक्टोबरात मी तांबे सरांचा फॉर्म घेऊन शिरूरला गेले. वाटलं, संध्याकाळच्या गाडीनं सही घेऊन परत येईन.

सरांनी फॉर्म टेबलावर सपाट केला आणि पहिल्या प्रश्नालाच अडले. ही विद्यार्थिनी तुम्ही शिकवलेल्यांपैकी वरच्या एक टक्क्यात आहे, पाच टक्क्यांत, का दहा टक्क्यांत? चौकोनात खूण करायची.

"शिकवलेल्यांपैकी म्हणजे सगळ्यांपैकी?" सरांनी विचारलं.

"हो सर. अंदाजे."

"सगळे मला आठवत नाहीत."

"अंदाजे, सर."

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी लॅबमध्ये चप्पल घालून आले होते. मग त्यांनी लॅबचे शिपाई मुनीरभाईंना हाक मारून माळ्यावरची जुनी हजेरीपुस्तकं काढायला सांगितली. धुळीचा एक डोंगर खाली आला. मुनीरभाई शिंकत म्हणाले, "सर, टिक मारा की. पोरीचं काम होऊन जाईल. तितं अमेरिकेत कोन मोजाय बसलंय?"

"मी बसलोय ना," सर म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी आपले सगळे विद्यार्थी आठवण्यात घालवले. मी पुन्हा गेले तेव्हा त्या चौकोनाचा निकाल लागला होता, पण आता गाडी पुढं अडली होती. नेतृत्वगुण? "मी पाहिलेले नाहीत." भावनिक परिपक्वता? "लॅबमध्ये तसा प्रसंग आला नाही." संशोधनाचं कौशल्य? इथं तरी सर थांबणार नाहीत असं मला वाटलं.

"तेव्हा चांगलं होतं," सर म्हणाले. "पण फॉर्ममध्ये 'आहे' का असं विचारलंय. आता आहे का ते मी पाहिलेलं नाही."

"मग काय करायचं, सर?"

"रविवारी या. खुटबावचं पाणी घेऊन या."

झालं. दर रविवारी सकाळी मी आदल्या दिवशी आत्याकडून आणलेल्या खुटबावच्या पाण्याच्या बाटल्या पिशवीत भरून दौंडहून निघायचे, चौफुल्याला गाडी बदलायचे आणि न्हावऱ्यावरून हादरत शिरूरला पोचायचे. एकदा कंडक्टरनं पिशवीला हात लावला. "काय हाय यात?"

"पाणी."

त्यानं बाटली उघडून वास घेतला. "शिरूरला पानी न्हाई व्हय?"

गाडीतल्या बायका पुढं चौफुला येईपर्यंत माझ्याकडे बघत होत्या.

लॅबमध्ये टायट्रेशन करायचं. म्हणजे वर उभ्या लावलेल्या ब्युरेट नावाच्या काचेच्या नळीतून एक द्रव थेंब थेंब सोडायचा आणि खाली चंबूतल्या, रंगद्रव्य घालून लाल केलेल्या पाण्याचा रंग निळा झाला की त्या थेंबाला थांबायचं. किती द्रव लागला त्यावरून क्षार किती ते कळतं. एक थेंब जास्त गेला की सगळं फुकट. सर शेजारी उभे राहून स्वतःच्या ब्युरेटवर तेच पाणी तपासायचे आणि दोन आकडे जुळले नाहीत की म्हणायचे, "परत करा." मुनीरभाई दाराशी स्टुलावर बसून चहा प्यायचे आणि आपल्या बुडालेल्या रविवाराबद्दल माझ्याकडे बघून उसासे टाकायचे. ब्युरेट धुताना सर मला विचारायचे, आज दौंडला कुठली गाडी लेट होती, आप्पांची ड्यूटी काय, आत्याच्या विहिरीला पाणी किती. मला तेवढ्यात फॉर्मचं विचारायचं असायचं. मी विचारलं, की सर म्हणायचे, "पुढच्या रविवारी बघू."

अशात यवतच्या स्थळाकडची मंडळी चौकशीला निघाली. मुलीला कोण ओळखतं, तर कॉलेजातले तांबे सर. मुलाचे वडील सरांकडे गेले आणि मुलगी कशी आहे म्हणून विचारलं. हे सगळं मला नंतर मुनीरभाईंनी सांगितलं. सर म्हणाले होते, "घरातली मी पाहिलेली नाही. लॅबमधली पाहिली आहे. काचेचं सामान फोडते. चुकलं तर कबूल करते, पण आधी भांडते."

स्थळ परत फिरलं. आत्या दौंडला येऊन आमच्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, "हा कुठला मास्तर तुमचा? त्याला चार चांगले शब्द बोलाया काय झालं हुतं?"

त्या क्षणी मला सरांचे पाय धरावेसे वाटले. दुसऱ्या क्षणी लक्षात आलं, की हाच माणूस माझ्याबद्दल अमेरिकेला पत्र लिहिणार आहे.

डिसेंबर अर्धा सरला. पुण्याहून कुरिअर जायला इतके दिवस, सुट्ट्या इतक्या, असा हिशेब मी सरांपुढं रडकुंडीला येऊन मांडला. सरांनी तो दोनदा तपासला आणि बरोबर आहे म्हणाले. त्याच रविवारी त्यांनी पत्र लिहिलं. बाकीचे प्राध्यापक पत्र पाकिटात घालून, चिकटवून, वर सही करून देतात. विद्यार्थ्याला ते बघायला मिळत नाही. सरांनी मला समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखवलं.

सहा ओळी होत्या. या मुलीचे हात स्थिर नाहीत. तिनं माझ्या लॅबमधल्या दोन ब्युरेटा फोडल्या आहेत. सध्या मी दर रविवारी तिचं काम तपासतो. तिचा आकडा चुकला तर ती चुकलेलाच लिहून ठेवते, खोडत नाही. जुळेपर्यंत पुन्हा करते. पाण्याबद्दल तिला खरोखर जाणून घ्यायचं आहे. खाली फॉर्मवर नेतृत्वगुण, परिपक्वता वगैरे तीन चौकोनांपुढं लिहिलं होतं: पाहिलेलं नाही.

"काही चूक आहे का यात?" सरांनी विचारलं.

"नाही सर," मी म्हणाले. चूक कुठंच नव्हती. न्हावऱ्यापर्यंत मी खिडकीकडं तोंड करून रडत होते. घरी आप्पांना सांगितलं तर ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "खरंच फोडल्या व्हय गं दोन?" पाकीट तसंच गेलं. दुसरं पत्र मागायला वेळ नव्हता आणि दुसरा माणूस नव्हता.

एप्रिलमध्ये प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. तिथल्या खर्चाचीही सोय झाली होती. कुठल्या कागदानं काम केलं, पुण्याच्या अलौकिक मुलीनं की शिरूरच्या ब्युरेटा फोडणारीनं, ते मला कुणी सांगितलं नाही. आत्यानं पोळ्या केल्या. आप्पा म्हणाले, "मास्तरला पेढे देऊन ये." मी जरा घुश्श्यातच निघाले. एवढा छळ केला होता माणसानं.

रविवार होता. सरांच्या घराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, "सर ना? कालेजात." मला वाटलं परीक्षांचं काही काम असेल. फाटकापाशी मुनीरभाई भेटले. मी पेढा दिला तर त्यांनी तो रुमालात बांधला आणि म्हणाले, "बरं झालं बाई आला. तुमी गेला तवा म्हनलं, आता माझा रविवार सुटला. कुटला सुटतोय. सर येत्यात की दर रविवारी."

"कशाला?"

"दोन ब्युरेटा लावत्यात. एकीवर सोता करत्यात. दुसरी नुसती भरून ठिवत्यात. दुपारपोतर बसत्यात." मुनीरभाईंनी आवाज खाली आणला. "घरी हाय कोन? सरांच्या बाई जाऊन लई वर्सं झाली. पोरगी तिकडं नागपूरला. ती फोन करती, पन पोरीला बी तिचं घर हाय."

इतकी वर्षं सरांकडे शिकले, पण त्यांच्या घरात कोण आहे हे मला माहीत नव्हतं. सर सांगणाऱ्यातले नव्हते.

मी लॅबमध्ये गेले. सर खिडकीपाशी उभे होते. टेबलावर दोन स्टँड, दोन भरलेल्या ब्युरेटा. मला पाहून ते म्हणाले, "आलात," आणि चष्मा पुसायला लागले.

"सर, प्रवेश मिळाला."

"पत्र आलंय?"

"हो."

"तुम्ही स्वतः वाचलं?"

"वाचलं, सर."

"मग मिळाला." त्यांनी पेढा खाल्ला, हात धुतले, नॅपकिनला पुसले. "कधी जायचंय?"

"ऑगस्टमध्ये."

सरांनी दुसऱ्या ब्युरेटकडं बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे अजून रविवार आहेत."

येताना मी जी काही बोलणी मनात जुळवून आणली होती, ती तिथंच विरून गेली. मी पिशवी खाली ठेवली, ओढणी मागं बांधली. "पाणी कुठलं आहे, सर?"

"नळाचंच. खुटबावचं संपलं."

आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो. बाहेर ऊन कडक होतं, आत पंखा घरघरत होता आणि दाराशी मुनीरभाई स्टूल ओढून बसले होते. सरांनी विचारलं, आप्पा काय म्हणाले, आत्या काय म्हणाली, त्या गावात थंडी असते का. मी सांगत होते. थेंब पडत होते. चंबूतला लाल रंग जांभळट झाला, मग निळा. तिथं थांबायचं असतं. मी तोटी बंद केली नाही. आणखी एक थेंब जाऊ दिला, मग आणखी एक.

सरांचं लक्ष माझ्या हाताकडंच होतं. त्यांनी ते पाहिलं. त्यांनी चंबू उचलून बेसिनमध्ये ओतला, विसळला आणि माझी ब्युरेट पुन्हा काठोकाठ भरून दिली.